'नेहमीप्रमाणे' म्हणजे नेमकं कसं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर बोलायला मला बोलावलंत, तेव्हा मी आधी नाही म्हणणार होतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. बँकेत ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. पण ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे, त्या शाळेतल्या बाईंच्या वर्गात माझा मुलगा ११ वर्षं होता, आणि त्या ११ वर्षांचं देणं माझ्याकडे आहे. मुलाला आणायला गेल्यावर शाळेच्या फाटकापाशी पालकांचा घोळका जमायचा. तिथे एकदा एका आईनं, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी मनात म्हटलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं. "बाई, देवानं याला माझ्या एक दिवस आधी न्यावं, बाकी काही मागणं नाही." सगळे गप्प झाले. बाईंनी तिला समजावलं नाही, रागावल्याही नाहीत. कट्ट्यावर तिच्याशेजारी बसल्या आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर तो आधी काय करतो?" ती सांगत गेली आणि बाई ऐकत राहिल्या. तासभर. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं अजून कुणाला ठाऊक आहे?" त्या आईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

माझा मुलगा आज ३४ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. पाच-सात शब्द बोलतो. मी ६९ वर्षांचा, त्याची आई ६६ वर्षांची. या तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी तुम्हाला वेगळी सांगायला नको. इथल्या निम्म्या घरांत तीच आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तोंडी स्वमग्नता हा शब्द यायला लागला. त्याआधी आपल्या मुलांना सरसकट मतिमंद म्हणत, नाहीतर हट्टी. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात अपंगत्वं होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तिला नाव दिलं आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ती आली. म्हणजे वेळेवर निदान झालेल्या मुलांची आपल्याकडची पहिली पिढी आत्ता कुठे तिशी-पस्तिशीत पोचली आहे. तिच्यापुढे चालून गेलेलं कुणी नाही, म्हणून वाट विचारायलाही कुणी नाही.

२०१७ च्या जुलै महिन्यातली गोष्ट सांगतो. त्याची आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तिच्याबरोबर दवाखान्यात. माझी बहीण त्याच रात्री नाशिकहून आली. तीन मुलं वाढवलेली, चार माणसांत वावरलेली बाई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, वरण-भात केला, खिचडी केली, शिरा केला. तो ताटाला हात लावत नाही. चपला घालून दारात उभा आहे, रात्रभर तसाच होता." मी फोनवर त्याच्याशी बोललो, तर तो फोन ठेवून पुन्हा दारात गेला.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आल्या. पाऊस फार असल्यानं दोन दिवस त्या आल्या नव्हत्या. त्यांनी ताट उचलून आत नेलं. मांडणीतून काठाला पोचा पडलेली स्टीलची वाटी काढली, तीत दहीभात कालवला. खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवली, पंखा दोनवर केला, वाटी ठेवली आणि पाठ फिरवून मोरीवर भांडी घासायला बसल्या. दहा मिनिटांनी तो येऊन बसला आणि जेवला. जेवताना कुणी त्याच्याकडे बघत उभं राहिलेलं त्याला चालत नाही. हे मला ठाऊक होतं, त्याच्या आईला ठाऊक होतं. मावशींना ठाऊक होतं, कारण ती वाटी त्या ११ वर्षं घासत होत्या आणि जेवणाच्या वेळी त्याच्याकडे पाठ करून बसत होत्या.

मी बँकेतला माणूस. माझ्या कपाटात तेव्हाही एक जाडजूड फाइल होती. ठेवींच्या पावत्या, नॉमिनेशन, घराची कागदपत्रं, अपंगत्वाचा दाखला, सगळं अनुक्रमणिकेसकट. आपण याच्या भविष्याची सोय केली आहे, असं मी ती फाइल बघून स्वतःला सांगत असे. माझी बहीण त्या फाइलीपासून चार हातांवर दोन रात्री रडत बसली होती, आणि त्या वाटीविषयी फाइलीत एक ओळही नव्हती.

म्हणून मी वही केली. दोनशे पानी, बांधणीची, वाण्याकडे मिळते तशी. वर्षभर लिहिली. पुरी झाल्यावर माझ्या भाच्याला बोलावलं. त्याला म्हटलं, आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर जातो, रात्री नऊला येतो. फोन करायचा नाही, वही वाचून दिवस काढायचा. रात्री आलो तर घर ठीक होतं, मुलगा ठीक होता, भाचा मात्र दमून गेला होता. त्यानं वही पुढ्यात ठेवली. लाल पेननं एकच शब्द ठिकठिकाणी गोल केला होता. 'नेहमीप्रमाणे.' अंघोळीला नेहमीप्रमाणे पाणी द्यावं. गोळी नेहमीप्रमाणे द्यावी. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फिरायला न्यावं. १७ ठिकाणी. म्हणाला, "मामा, ज्याला नेहमीचं माहीत नाही, त्याच्यासाठीच वही लिहिली ना तुम्ही?"

पुन्हा लिहायला बसलो तेव्हा कळलं की तो शब्द काढून टाकणं म्हणजे मुलाकडे नव्यानं बघणं. थोडं वाचून दाखवतो. 'त्याला "चहा हवा?" विचारलं तर तो "चहा हवा" म्हणतो. हा होकार नाही, आपलंच वाक्य तो परत देतो. कप आणि पाण्याचा पेला दोन्ही समोर धरावेत. ज्याला हात लावेल ते हवं.' दुसरं. 'दात दुखला तर सांगता येत नाही. उजवा तळहात कानावर दाबून धरतो, चावायचे पदार्थ बाजूला सारतो, रात्री येरझाऱ्या घालतो. याला चिडकेपणा समजून झोपेची गोळी देऊ नये, आधी दात दाखवावेत.' हे दुसरं वाक्य आम्हाला फार महागात मिळालं आहे. एका दवाखान्यात त्याच्या दुखण्याला तीन आठवडे 'वर्तन समस्या' म्हटलं गेलं, औषध वाढवलं गेलं, आणि आत दाढ किडत होती. तिसरं. 'गर्दीत हात धरून ओढू नये. आपण एक पाऊल पुढे चालावं, तो मागून येतो.' चौथं. 'त्याला आनंद झाला की तो बोटं डोळ्यांपुढे नाचवतो. थांबवू नये.' हे शेवटचं मी लिहिलं नाही. त्याच्या आईनं लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

अशी वही लिहिणारा मी पहिला बाप नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून एका वकिलानं बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं. मूल कशानं खूश होतं, कोणते शब्द उलटून म्हणतं, काय फिरवत बसतं, सगळं बारीक बारीक. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांवर तो प्रसिद्ध निबंध लिहिला, स्वमग्नतेच्या सुरुवातीच्या सविस्तर वर्णनांपैकी एक, आणि त्यातला पहिला मुलगा हाच. डोनाल्ड ट्रिप्लेट. डॉक्टरांनी लिहायच्या आधी बापानं लिहून ठेवलं होतं.

डोनाल्डची हकिगत मी आपल्या पालकांना नेहमी सांगतो. तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. तिथे तो आणखी मिटत गेला. वर्षभरानं आईवडिलांनी त्याला परत आणलं. पुढे नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याला घरापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्या जोडप्यानं काय केलं बघा. मुलाला मोजण्याचा नाद होता, तर त्याला विहीर खोदायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितली. आकडे मोजतो, तर मक्याच्या ओळी मोजत मोजत नांगर धरायला शिकवलं. कॅनर स्वतः तिथे जाऊन बघून आले आणि त्या दोघांच्या शहाणपणानं थक्क झाले. त्या दोघांनी कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. मुलगा कसा आहे ते बघितलं आणि त्याला शेतात जागा करून दिली.

पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत काम करू लागला, गोल्फ खेळायला शिकला, एकट्यानं प्रवास करू लागला. वडील १९८० मध्ये अपघातात गेले, आई १९८५ मध्ये गेली. त्यानंतर ३८ वर्षं तो त्याच घरात राहिला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. आईच्या घरच्यांची बँक होती. घरच्यांनी त्याच्यासाठी पैशाचा न्यास करून ठेवला होता, भाऊ-पुतणे लक्ष ठेवून होते. हे आपल्याजवळ नाही, मान्य. आपल्यापैकी कुणाच्या सासरची बँक नाही. पण त्याच्यावर लिहायला गेलेल्या पत्रकारांना त्या गावातल्या माणसांनी आधी बजावलं की आमच्या माणसाला त्रास होता कामा नये. 'आमच्या माणसाला.' हे न्यासाच्या पैशानं विकत मिळालेलं नव्हतं. तो पन्नास-साठ वर्षं त्याच रस्त्यांवरून चालला होता, आणि गावानं त्याला चालताना पाहिलं होतं.

आपण काय करतो? कार्यक्रमाला नेत नाही, कारण तो ओरडेल. लग्नाला नेत नाही, कारण लोक बघतात. दुकानात नेत नाही, कारण घाई आहे. मी दोष देत नाही, मीही १५ वर्षं हेच केलं. पण आमच्या सोसायटीतल्या १२० कुटुंबांपैकी त्याचं नाव माहीत असलेली कुटुंबं मोजली तेव्हा नऊ भरली. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला तो आणि मी एकाच वाटेनं जातो. वॉचमन, वाणी, इस्त्रीवाला, सलूनवाला, फळांची गाडी. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट. आज इस्त्रीवाला त्याला वही न वाचताच ओळखतो. मागच्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं तो घाबरून धावत सुटला, तेव्हा त्याला फळवाल्यानं थांबवलं, गाडीखाली बसवलं आणि मला फोन केला. हात धरून ओढलं नाही. स्वतः पुढे बसला, माझा मुलगा मागे बसला.

आता राहण्याविषयी. 'आमच्या पश्चात' हा शब्द आपण फार वापरतो, आणि माझं सगळ्यांत मोठं भांडण त्या शब्दाशी आहे. ज्या दिवशी आई जाते त्याच दिवशी घर जातं, रोजचा रस्ता जातो, ताट-वाटी जाते, आणि अनोळखी खोलीत अनोळखी माणूस त्याला कपडे बदलायला सांगतो. बोलू शकणारा माणूस यातून सावरायला वर्ष घेईल. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याच्यावर हे सगळं एकाच दिवशी टाकायचं, कारण आपल्याला आधी सोडवत नाही? नवी जागा आपण जिवंत असताना जुनी व्हायला हवी. आपण फोन केल्यावर येऊ शकतो, चुकलं तर दुरुस्त करू शकतो, तेव्हाच.

प्रौढांसाठी जागा कमी आहेत, हे खरं. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' योजना प्रौढांच्या सामूहिक घरांसाठी आहे, पण गरज आणि जागा यांत फार अंतर आहे. डोंबिवलीजवळ खोणी गावातलं 'घरकुल' पालकांच्या पुढाकारातून उभं राहिलं, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. पालक एकत्र आले तर होतं, एवढं त्यातून दिसतं. ज्यांना असं घर उभारणं शक्य नाही, त्यांनी शोधायला तरी वेळेवर निघावं. मी आणि मुलाच्या आईनं तीन वर्षांत १४ संस्था पाहिल्या. सुरुवातीला बाग बघायचो, सभागृह बघायचो. नंतर शहाणे झालो. आता मी दुपारी चार वाजता, न कळवता जातो. रात्री कोण असतं आणि किती जणांमागे, ते विचारतो. संडासाची कडी बघतो, आतून लागते का आणि अडचणीत बाहेरून उघडता येते का. औषधांचं रजिस्टर बघतो. राहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं कपाट आहे का आणि किल्ली कुणाकडे असते, ते बघतो. सगळ्यांत जुना काळजीवाहक किती वर्षं टिकला आहे ते विचारतो. ज्या संस्थेत दर सहा महिन्यांनी माणसं बदलतात तिथे वही वाचायलाही कुणी उरत नाही.

मला एक मुलगीही आहे. तिच्याविषयी बोलताना माझा आवाज जड होतो, समजून घ्या. ती माझ्या मुलाहून चार वर्षांनी धाकटी. त्याच्या पुढच्या सांभाळाविषयी आम्ही तिला बरीच वर्षं विचारलंच नाही. 'बहीण आहेच की' असं नातेवाईक म्हणत आणि आम्ही गप्प बसून होकार देत असू. तिच्या लग्नाच्या वेळी समोरच्यांनी सरळ विचारलं, भावाचं पुढे काय, आणि उत्तर द्यायला आमच्याऐवजी तिला बोलावं लागलं. काही वर्षांनी एकदा तिला समोर बसवून मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, विचारलंत म्हणून सांगते. मी त्याला सोडणार नाही. पण मला त्याची आई व्हायचं नाही. मला त्याची बहीणच राहायचंय." आज ती महिन्यातून एकदा त्याला भेटते, हिशेबावर नजर ठेवते, संस्थेच्या लोकांशी भांडायची वेळ आली तर भांडते. त्याला अंघोळ घालणं तिच्याकडे नाही. ही वाटणी आम्ही कागदावर लिहिली आणि जावयांसमोर वाचली.

कायदा आणि पैसा याविषयी थोडक्यात, कारण इथे वकील बसले आहेत आणि प्रश्नोत्तरांत ते माझ्याहून नीट सांगतील. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीनं ते सज्ञान होतं आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. हे अनेकांना बँकेच्या काउंटरवर कळतं. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मीही एका आईला सांगितलं होतं की मुलाची सही जुळत नाही, पैसे मिळणार नाहीत. तिचा चेहरा मला आठवतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. लोक याला कटकट म्हणतात. मला तो आधार वाटतो, कारण मी नसताना माझ्या मुलाच्या पैशाचा हिशेब कुणीतरी मागणार आहे. २०१६ च्या कायद्यानं 'मर्यादित पालकत्व' आणलं. त्याच्या वतीनं नव्हे, त्याच्याबरोबर ठरवायचं, ठरावीक निर्णयापुरतं. कप आणि पेला समोर धरण्याचाच हा प्रकार आहे. घर विकायचं असो की शर्ट घ्यायचा असो, त्याला विचारायची एक रीत असते आणि ती वहीत लिहिलेली असली पाहिजे.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे बँकेतल्या माणसाकडून ऐकून घ्या. मृत्युपत्र करा. सगळं दुसऱ्या मुलाच्या नावावर करून 'तो बघेल' म्हणू नका. तो बघेलही, पण त्याचा घटस्फोट, त्याचं कर्ज, त्याचा मृत्यू यांत ते पैसे अडकतील. स्वमग्न मुलाच्या थेट नावावर ठेवलंत तर ते त्याला वापरता येणार नाहीत. खाजगी न्यास करा. विश्वस्त तीन असावेत, त्यांतला एक तरी चाळिशीच्या आतला. आणि जो सांभाळतो त्याच्याच हातात तिजोरी देऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. ज्यांच्याकडे ठेवायला काही नाही त्यांच्याशी मी न्यासाची भाषा बोलणार नाही. त्यांनी अपंगत्वाचं ओळखपत्र, निरामय आरोग्य विमा, संजय गांधी निराधार अनुदान यांची कागदपत्रं आज करावीत. रक्कम अपुरी आहे, आणि ती वाढावी म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर उभं राहिलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अपंग मुलासाठी विमा योजनेत पैसे भरणाऱ्या पालकाला प्राप्तिकरात सवलत होती, पण अट अशी की मुलाला रक्कम पालकाच्या मृत्यूनंतरच मिळावी. एका पालकानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१९ मध्ये याचिका फेटाळली गेली, पण सरकारनं या अटीचा फेरविचार करावा असं न्यायालयानं सुचवलं. २०२२ च्या वित्त कायद्यानं ती बदलली, आणि पालकाची साठी झाल्यावर त्याच्या हयातीतच मुलाला रक्कम सुरू होण्याची वाट मोकळी झाली. आपण जिवंत असताना सुरू करायला कायद्यालाही एवढी वर्षं लागली.

आमचं काय चाललं आहे ते सांगून थांबतो. घरापासून दीड तासावर एक संस्था आम्ही निवडली. २०२१ च्या अखेरीस तो तिथे पहिल्यांदा एक दुपार राहिला. मग एक रात्र. त्या रात्री आम्ही दोघं गाडीत, संस्थेच्या फाटकाबाहेर बसून होतो. हिनं डबा आणला होता, तो उघडलाही नाही. पहाटे काळजीवाहक ताईंनी येऊन सांगितलं, झोपला होता, चार तास. मग महिन्यातून दोन रात्री, मग आठवडा. आता महिन्यातले १२ दिवस तो तिथे असतो. वहीची प्रत तिथे आहे, आणि तिच्या मागच्या पानांवर आता आमच्या अक्षरात नसलेल्या ओळी आहेत. एक ओळ अशी आहे: 'पाऊस पडताना व्हरांड्यात बसायला आवडतं. विचारावं लागत नाही, खुर्ची ठेवावी.' हे आम्हाला माहीत नव्हतं.

जाताना पिशवीत तो स्वतःच्या हातानं वाटी ठेवतो. काठाला पोचा पडलेली, तीच. येताना ती परत आणतो, इतकी वर्षं कधी विसरला नाही. गेल्या महिन्यात घरी आला, पिशवी रिकामी केली, तर वाटी नव्हती. मी घाबरून फोन लावला. ताई म्हणाल्या, "इथेच आहे काका, त्यानं त्याच्या कपाटात ठेवलीय." संध्याकाळी साडेपाचला आम्ही नेहमीच्या वाटेनं निघालो. त्या दिवशी फळांच्या गाडीनंतर पुढे भांड्यांच्या दुकानापर्यंत गेलो. मी वाट्या काढून समोर धरत होतो. पाचवीला त्यानं हात लावला.